केळीला मॅग्नेशियम, माणसाला सलाईन

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील सर्व डॉक्टर, औषधविक्रेते आणि रक्त तपासणी प्रयोगशाळा चालवणारे यांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर, औषधविक्रेते आणि प्रयोगशाळाचालकहो,



रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातला केळी बागायतदार सकाळी बागेत शिरला की त्याची नजर आधी खालच्या जुन्या पानांवर जाते. पानाच्या कडा पिवळ्या पडत चालल्या, मधल्या शिरेजवळचा पट्टा तेवढा हिरवा राहिला, की त्याला कोणाला विचारावे लागत नाही. पालाशचा मारा जास्त झाला आणि मॅग्नेशियम मागे पडले, हे तो ओळखतो आणि ठिबकमधून मॅग्नेशियम सल्फेट सोडतो. शंका वाटली तर माती आणि पान तपासायला पाठवतो. त्याच बागायतदाराच्या घरी वडिलांना रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे लघवीची गोळी चालू असते, आईला मधुमेह असतो आणि जोडीला रोज सकाळी गॅसची गोळी असते. या दोघांच्या रक्तातले मॅग्नेशियम मात्र आयुष्यात एकदाही मोजलेले नसते.

ही तफावत हे या पत्राचे कारण. खानदेशासारख्या कडक उन्हाच्या, अंगमेहनतीच्या मुलखात शरीरातल्या क्षारांचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. इथे तो सर्वांत शेवटी होतो, आणि अनेकदा होतच नाही. हे लिहिताना आपल्या कष्टांबद्दल पूर्ण आदर आहे. रात्री दोन वाजता दार ठोठावले तरी उघडणारे, जुलाब-उलट्यांच्या साथीत दवाखान्याच्या बाकांवर, व्हरांड्यात रुग्ण झोपवून उपचार करणारे डॉक्टर याच भागात आहेत. म्हणूनच तक्रार आपल्याकडे करायची. दुसरीकडे करून उपयोग नाही.

क्षारांचे काम आपल्याला सांगायची गरज नाही, पण हे पत्र रुग्णही वाचतील, म्हणून थोडक्यात. हृदयाचा ठोका विजेवर पडतो आणि ती वीज सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या पेशीत ये-जा करण्यातून तयार होते. सोडियम पेशीबाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त. शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी जेमतेम २ टक्के पेशींबाहेर असते आणि रक्तातले त्याचे प्रमाण ३.५ ते ५ या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. त्याखाली गेले की हातपाय गळतात, धडधड होते, ठोके चुकतात; फार वर गेले तर हृदय थांबते. आत-बाहेरचा हा फरक राखणारा पेशीतला पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना उलगडला. १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. हा पंप मॅग्नेशियमशिवाय चालत नाही. मॅग्नेशियम कमी पडले की मूत्रपिंडांना पोटॅशियमही धरून ठेवता येत नाही, ते लघवीवाटे निघून जाते. अशा रुग्णाला पोटॅशियमचे सिरप कितीही पाजले तरी आकडा वर येत नाही. आधी मॅग्नेशियम भरून काढावे लागते.

आता तक्रारी. पहिली तक्रार सलाईनची.

मे महिन्यात दुपारच्या वेळी कोणत्याही तालुक्याच्या गावी छोट्या दवाखान्यात डोकावले तर चित्र एकच दिसते. खाटेवर केळीची कापणी करून आलेला मजूर आडवा, बंडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली बाटली आणि शेजारी हातात रुमाल घेऊन बसलेली बायको. "डाक्टर, एक सलाईन लाई द्या," ही मागणी रुग्णाचीच असते, हे मान्य. पण त्या ५०० मिलिलिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये काय आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्यात साडेचार ग्रॅम मीठ आहे आणि बाकी पाणी. पोटॅशियम शून्य, मॅग्नेशियम शून्य. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ते जवळजवळ सगळे एका बाटलीत आले. डेक्स्ट्रोजची बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरींच्या आसपास. तेवढी ताकद एका भाकरीत असते.

ज्याला तोंडाने पिता येत नाही, ज्याचा रक्तदाब खचला आहे, जो गुंगीत आहे, त्याला सलाईन लावलेच पाहिजे. तिथे ते जीव वाचवते. पण जो स्वतःच्या पायांनी चालत आला, ज्याला पाणी पचते आहे, त्याला ओआरएसचे पाकीट हातात देऊन, ते कसे मिसळायचे हे दाखवून घरी पाठवता येते. भर उन्हात राबणाऱ्याचा घाम तासाला लिटरभर जाऊ शकतो. घामातून मुख्यतः सोडियम जाते, जुलाबातून पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जाते. मग उलट्या-जुलाबांच्या रुग्णाला ऑनडॅनसेट्रॉनचे इंजेक्शन, ऑफ्लॉक्सॅसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि नुसते सलाईन दिले जाते, तेव्हा काळजी वाटते. ही तिन्ही औषधे ईसीजीतले क्यूटी अंतर लांबवू शकतात, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम खाली गेलेल्या शरीरात त्यातून ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. धडधाकट तरुण यातून निभावतो. हृदयविकाराची औषधे घेणारी साठीची बाई निभावेलच, असे नाही.

ओआरएसचा विषय निघाला, तर औषधविक्रेत्यांशीही बोलायला हवे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मोजून पाकिटे भरली, पिंपात द्रावण केले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. जिथे दहातले तीन रुग्ण दगावत होते तिथे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ मध्ये ते गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या कामातून घडत गेलेले आजचे सूत्र पक्के आहे: एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्यात सोडियमला आत ओढून नेण्यासाठी ते लागते, आणि तेही मोजकेच. साखर जास्त झाली की ती पाणी उलटे आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.

हे माहीत असूनही गेली कित्येक वर्षे काउंटरवर ओआरएस मागितले की फळांच्या चवीचे, गोड, स्ट्रॉ लावलेले तयार खोके पुढे सरकत आले. नावात ओआरएस ही अक्षरे, आत साखर सूत्राच्या कित्येक पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध आठ वर्षे लढल्या. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जागतिक सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. आदेश निघाला, पण सवय जायला वेळ लागेल. शिरपूरच्या किंवा साक्रीच्या बाजारात तापलेल्या मुलाला कडेवर घेऊन आलेली आई वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचत नाही. ती आपल्या हाताकडे बघते. तो हात साध्या पाकिटाकडेच जावा. पाकीट अख्खे एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचे, पेल्यात चिमूट-चिमूट नाही, आणि केलेले पाणी चोवीस तासांत संपवायचे, हे दोन वाक्यांत सांगावे. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा पोहे खायचा नाही, चहाचा. एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागत नाही.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची आणि गोळ्यांची. ही सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेत जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना भरदुपारच्या अंगमेहनतीवर आणि शिकवणी वर्गांवर वेळेचे निर्बंध घालावे लागले. प्रशासनाने शिकवणी-कामाच्या वेळा बदलल्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचा विचार मात्र कोणी केला नाही. डिसेंबरच्या थंडीत बसवलेला गोळ्यांचा हिशेब एप्रिलमध्ये तसाच चालू राहतो. लघवीची गोळी सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर काढते. त्यात आपण सांगितलेले असते "मीठ बंद करा", शेजारी सांगतो "पाणी भरपूर प्या". सत्तरीचे आजोबा दोन्ही मनापासून पाळतात. ज्वारीच्या भाकरीबरोबर बिनमिठाची भाजी खातात आणि साधे पाणी लिटरच्या लिटर पितात. आठवड्याभरात ते असंबद्ध बोलू लागतात, न्हाणीघरात पडतात. घरचे म्हणतात वय झाले, कोणी म्हणते ऊन लागले, कोणी लकवा म्हणून थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेते. रक्त तपासले तर सोडियम ११५ वर आलेले असते, जे १३५ च्या वर असायला हवे. ही कहाणी खानदेशातल्या कोणत्याही फिजिशियनला नवी नाही. नवी व्हायला हवी ती मार्च महिन्यातली एक भेट: अशा प्रत्येक रुग्णाचे सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन होळीच्या आसपास तपासावे आणि गोळ्यांचे प्रमाण ठरवून कागदावर लिहून द्यावे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, जेवण-पाणी सुटले, तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर, मराठीत.

उलटा धोकाही आहे. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम वाढवतात. मूत्रपिंड कमकुवत असेल आणि त्यात उन्हाने शरीर सुकले तर पोटॅशियम बघता बघता सहाच्या पुढे जाते. अशा रुग्णाला कोणी प्रेमाने दिवसाला दोन शहाळी पाजतो, तेव्हा तो नकळत संकट वाढवत असतो.

गॅसच्या गोळीबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे. शेवभाजी, ठेचा, मिरचीचा खुडा यांच्या मुलखात पोटात जळजळ होणार, हे खरे. पण पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या इथे किराणा मालासारख्या विकल्या जातात, चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मार्च २०११ मध्ये इशारा दिला होता की या गोळ्या दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून अधिक, घेतल्यास रक्तातले मॅग्नेशियम घसरू शकते. त्यांनी तपासलेल्या नोंदींपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही, गोळीच बंद करावी लागली. या इशाऱ्याला बरीच वर्षे झाली. सकाळी गॅसची गोळी, दुपारी लघवीची गोळी आणि रात्री मधुमेहाची गोळी घेणाऱ्या बाईला पोटऱ्यांत वांब येतात, बोटे मुंग्यांनी भरून जातात, छातीत धडधडते. तिला कॅल्शियम आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने मिळतात. मॅग्नेशियमची तपासणी कोणी लिहीत नाही. तिच्या तिन्ही गोष्टी मॅग्नेशियम कमी करणाऱ्या आहेत: दोन गोळ्या आणि तिसरा खुद्द मधुमेह, ज्यात ते लघवीवाटे जाते.

प्रयोगशाळाचालकांना इथे एक विनंती. आपल्या इलेक्ट्रोलाइट तपासणीत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड असतात; मॅग्नेशियम वेगळे मागावे लागते आणि कोणी मागत नाही म्हणून अनेक ठिकाणी ते होतही नाही. ते यादीत ठळक छापावे. रक्तात शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही नसतो, बाकी सगळे हाडांत आणि पेशींत. त्यामुळे आकडा ठीक आला म्हणून कमतरता नाही असे ठरत नाही, हेही डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे. पण आकडा कमी आला तर तो खराच गंभीर.

पोटॅशियमच्या नमुन्याकडेही लक्ष हवे. गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी आठला रक्त काढायचे, दंडाला पट्टा करकचून बांधायचा, रुग्णाला मूठ दहा वेळा उघड-मीट करायला लावायचे, मग नळ्या डब्यात घालून मुलगा दुपारी मोटारसायकलवरून खड्ड्यांच्या रस्त्याने शहरात न्यायचा. वाटेत लाल पेशी फुटतात, त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात ४.२ छापून येते. खरा आकडा ३.१ असू शकतो. ज्याला उपचार हवा होता त्याला "सगळे नॉर्मल" असे सांगून घरी पाठवले जाते. नमुना लवकर फिरवून सीरम वेगळे करणे आणि पेशी फुटलेल्या नमुन्यावर तसा शेरा लिहिणे, एवढे केले तरी पुष्कळ होईल.

दुसऱ्या टोकाला एक नवेच खूळ आले आहे. मॅग्नेशियमच्या कॅप्सूल झोपेसाठी, सांध्यांसाठी, "हार्टसाठी" म्हणून विकल्या जाऊ लागल्या आहेत. ज्याला तपासणीची गरज आहे त्याला ती मिळत नाही, आणि ज्याला गरज नाही तो महिन्याला हजार रुपये घालवतो. मॅग्नेशियमने हृदयविकाराचा झटका बरा होईल, ही आशा वैद्यकाने प्रामाणिकपणे तपासून पाहिलेली आहे. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अभ्यासात शिरेतून मॅग्नेशियम दिल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. १९९५ मध्ये ५८ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आयसिस-४ या प्रचंड अभ्यासात तो फायदा टिकला नाही. रक्तदाबावर मॅग्नेशियमच्या गोळीचा परिणाम दोन-तीन अंकांचा, फार तर. कमतरता असेल तिथे ते अमूल्य आहे, कमतरता नसेल तिथे त्याचा उपयोग नगण्य आहे, आणि मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. काउंटरवरून कॅप्सूल देताना निदान क्रिएटिनिन विचारावे.

मॅग्नेशियम खरोखर कुठे जीव वाचवते, हे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांना चांगले ठाऊक आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन द्यायचे, हे त्यांच्या प्रशिक्षणात आहे. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. टोर्साड नावाच्या जीवघेण्या अनियमित ठोक्यांतही तेच शिरेतून देतात. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या पाड्यावरून निघालेल्या गाडीला किती वेळ लागतो हे आपण जाणता. त्या प्रवासाआधीचे ते इंजेक्शन कोणत्याही महिन्यात, कोणत्याही उपकेंद्रात संपलेले नसावे. खाजगी प्रसूतिगृहांनीही आधी ते द्यावे आणि मगच रुग्ण पुढे पाठवावा.

आहाराबद्दल बोलताना आपण खानदेशी ताटाची ताकद वापरत नाही, याचे वाईट वाटते. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आहे, शेंगदाण्यात दीडशेच्या पुढे, तिळात तीनशेच्या पुढे. पॉलिशच्या तांदळात वीस-पंचवीस. ज्वारी आणि उडीद सालासकट दळून केलेली कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचे भरीत आणि कांद्याची पात हे जेवण या बाबतीत कोणत्याही कॅप्सूलच्या वरचढ आहे. तरी दवाखान्यातून बाहेर पडताना सल्ला मिळतो तो "हलके खा, बिस्किट खा" असा, आणि घरात रेशनचा तांदूळ आणि मैद्याचे टोस्ट वाढत जातात. गोळ्यांची चिठ्ठी लिहिताना खाली एक ओळ कळण्याच्या भाकरीची लिहिली तर रुग्ण ती ऐकेल, कारण ती आपल्या हातची असेल.

केळीचेही तसेच. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शंभर ग्रॅम केळ्यात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ३५०० मिलिग्रॅमची शिफारस करते. म्हणजे दोन केळी खाऊन पाचव्या-चौथ्या हिश्श्याची सोय होते. उरलेले डाळी, पालेभाज्या, बटाटा, ताक यांतून यावे लागते. ज्याचे मूत्रपिंड शाबूत आहे आणि जो लघवीची गोळी घेतो, त्याला बागेतले केळे हे स्वस्तातले औषध आहे. ज्याचे मूत्रपिंड अधू आहे त्याला तेच वर्ज्य. रावेरच्या शेतकऱ्याला "केळी बंद" एवढेच सांगून चालत नाही. का बंद, किती बंद, हे सांगितले नाही तर तो आपल्याच बागेतला घड बघून आपला सल्ला मोडणार.

मिठाच्या बाबतीत एक आशादायक गोष्ट आहे. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मिठाऐवजी तीन हिस्से सोडियम क्लोराइड आणि एक हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. पापड, बिबडे, लोणचे आणि शेव यांच्या घरात या मिठाचा उपयोग होऊ शकतो. मात्र मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. कोणत्या घराला हे मीठ चालेल आणि कोणत्या घराला नाही, हे त्या घराच्या गोळ्या आणि अहवाल माहीत असलेला डॉक्टरच सांगू शकतो.

धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांना शेवटची विनंती. एप्रिल ते जून या काळात दाखल होणाऱ्या प्रत्येक साठीपुढच्या रुग्णाचे सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मोजावे, त्याच्या चालू गोळ्या नोंदवाव्यात आणि दोन उन्हाळ्यांचे आकडे एकत्र करून तालुक्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय लागतोच. शेतमजूर, वीटभट्टीवरचे कामगार आणि बाजार समितीतले हमाल यांची नोंद वेगळी ठेवली तर येत्या काळात कामाच्या वेळा ठरवतानाही ती उपयोगी पडेल. हे काम पुढचा उन्हाळा सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच हाती घ्यावे.

आपला विश्वासू,
खानदेशातला एक नागरिक